गर्भाचं डोकं कोणत्या बाजूला?

आयव्हीएफ केंद्रात पाचव्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा मानवी गर्भ म्हणजे शे-दोनशे पेशींचा, आत पाणी भरलेला पोकळ गोळा. आतल्या कडेला एका जागी पेशींचा छोटा पुंजका चिकटलेला असतो. बाळ घडायचं ते या पुंजक्यातून. बाहेरच्या पेशींची पुढे वार होते. हे चित्र पाहणाऱ्या कुणालाही प्रश्न पडेल, यात डोकं कुठलं आणि पाय कुठले? डोकं अजून कुठेच नसतं. आत आहे पण दिसत नाही, असंही नाही. ते कोणत्या बाजूला व्हायचं, हेच अद्याप ठरलेलं नसतं.

सगळ्याच प्राण्यांचं असं नाही. फळमाशीची मादी अंडं घडवतानाच त्याच्या एका टोकाला बायकॉइड या जनुकाचा आरएनए ठेवून देते, आणि ते टोक डोक्याचं होतं. बेडकाच्या अंड्यात शुक्राणू जिथून शिरतो, साधारण त्याच्या समोरच्या बाजूला पाठ तयार होते. कोंबडीचं अंडं अंडनलिकेतून उतरताना गोल फिरत असतं. तेव्हा गुरुत्वाकर्षणामुळे पिल्लाची दिशा ठरते. सस्तन प्राण्यांच्या अंड्यात अशी ठाम खूण नसते. पोलंडचे आंद्झेय तारकोव्स्की यांनी 1959 मध्ये उंदराच्या दोन पेशींच्या गर्भातली एक पेशी नष्ट केली, तरी उरलेल्या एकीपासून धडधाकट उंदीर जन्मले. 1961 मध्ये त्यांनी उलटं केलं. आठ-आठ पेशींचे दोन गर्भ एकमेकांना चिकटवले आणि त्यातून एकच उंदीर घडला. सुरुवातीच्या पेशींमध्ये बारीकसारीक फरक असतात का, यावर संशोधकांमध्ये पुढे जोरदार वाद झाले. पण अर्धा गर्भ पुरतो आणि दुप्पटही चालतो, याचा अर्थ शरीराचा नकाशा अंड्यात आधी आखून ठेवलेला नसतो, एवढं नक्की.

मग दिशा येते कुठून? हे सगळ्यात नीट कळलं आहे ते उंदरात. साडेपाच दिवसांचा उंदराचा गर्भ मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा असतो, उभट, तळाशी गोलसर. आतल्या थरातून पिल्लू घडणार असतं. त्याच्या वरच्या तोंडाशी पुढे वार होणाऱ्या पेशी आणि बाहेरून एक पातळ आवरण. आतल्या थरातल्या पेशी नोडल नावाचं प्रथिन सोडतात. त्यामुळे वरच्या पेशी बीएमपी-4 हे दुसरं प्रथिन सोडतात, त्याने विंट-3 हे तिसरं सुरू होतं आणि विंट-3 पुन्हा नोडल वाढवतं. नोडल हाती लागलं ते एका बिघाडातून. उंदरांच्या एका वाणात एक विषाणू नेमका या जनुकात घुसून बसला होता आणि त्या वाणाच्या गर्भांचं अंग आकारालाच येत नव्हतं. मायकल कुएन आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये त्या जनुकाची ओळख पटवली.

अडचण अशी की हे एकमेकांना वाढवणारं चक्र गर्भाच्या सगळ्या बाजूंनी सारखंच चालू राहू शकतं. नोडल आणि विंट या पेशींना मागची, म्हणजे शेपटीकडची बाजू व्हायला लावतात. कुणी अडवलंच नाही, तर सगळीकडे मागचीच बाजू होईल. म्हणून डोकं हवं असेल तर एका बाजूला हे संदेश रोखावे लागतात. डोक्यासाठी एखादं खास 'डोकं-प्रथिन' असेल अशी आपली सहज कल्पना होते. प्रत्यक्षात पहिला आणि मोठा वाटा अडवण्याचा असतो, आणि या विषयातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट हीच आहे.

हे अडवणारं कोण, याचा शोध चुकीच्या जागी सुरू झाला होता. हान्स स्पेमान आणि हिल्डे मांगोल्ड यांनी 1924 मध्ये न्यूट या पाणसरड्याच्या गर्भातला एक तुकडा दुसऱ्या गर्भात बसवला, तेव्हा तिथे अख्खा दुसरा अक्ष उभा राहिला. उंदरातही असाच एक तुकडा सगळं चालवत असेल, असं धरलं गेलं. लंडनमध्ये काम करणाऱ्या रोझा बेडिंग्टन यांनी 1994 मध्ये उंदराच्या गर्भातला तो तुकडा, म्हणजे नोड, दुसरीकडे बसवून पाहिला. दुसरा अक्ष आला, पण त्याला मेंदूचा पुढचा भाग नव्हता. मग त्यांनी आणि पॉल थॉमस यांनी बाहेरच्या पातळ आवरणाकडे नजर वळवली. या आवरणातून पिल्लाच्या शरीराचा जवळजवळ काहीच भाग बनत नाही, म्हणून त्याच्याकडे कुणी फारसं पाहत नव्हतं. 1996 मध्ये त्यांनी त्याच्या पुढच्या बाजूच्या पेशी काढून टाकल्या, आणि पुढच्या मेंदूची खूण असलेलं जनुक नीट चालेनासं झालं. बेडिंग्टन 2001 मध्ये अवघ्या 45व्या वर्षी गेल्या. आज या विषयावरचा कुठलाही धडा त्यांच्या कामाशिवाय पुरा होत नाही.

या पेशी सुरुवातीला गर्भाच्या अगदी तळाच्या टोकाशी असतात. मग चार-पाच तासांत त्या एका बाजूने वर सरकतात. ऑक्सफर्डचे शंकर श्रीनिवास यांनी या पेशी हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाने उजळवून त्यांची चाल टिपली. त्या ढकलल्या जाऊन वर येत नाहीत. पुढे बारीक हात काढत, शेजारच्या पेशींमधून वाट काढत त्या स्वतः सरकतात. जिथे पोहोचतात तिथे लेफ्टी-1 आणि सर्बेरस-1 ही प्रथिनं सोडतात, आणि तेवढ्या बाजूला नोडलचा संदेश थंडावतो. ती बाजू डोक्याची. समोरच्या बाजूला संदेश जोरात चालूच राहतो आणि तिथे एक रेघ उमटते, प्रिमिटिव्ह स्ट्रीक. तीच शेपटीची बाजू. ही दोन्ही अडवणारी प्रथिनं नसलेल्या उंदरांमध्ये 2002 साली जे दिसलं, ते पुरेसं बोलकं आहे. काही गर्भांमध्ये एकाऐवजी अनेक रेघा उमटल्या होत्या.

केंब्रिजच्या संशोधकांनी 2014 मध्ये नुसत्या मूळपेशींचा गोळा करून त्याला विंटचा संदेश थोडा वेळ दिला. गोळा लांबट झाला, त्याला पुढची-मागची बाजू आली, पण पुढचा मेंदू आला नाही. अडवणाऱ्या पेशींचं आवरणच तिथे नव्हतं.

माणसाचा गर्भ या वेळी उभट नसून तबकडीसारखा सपाट असतो, तरी रेघ उमटतेच, चौदाव्या दिवसाच्या आसपास. तोवर एका गर्भाचे दोन होऊन एकसारखी जुळी होऊ शकतात. रेघ उमटल्यावर शरीराची दिशा पक्की होते. गर्भावरच्या संशोधनाला चौदा दिवसांची मर्यादा घालताना ब्रिटनच्या वॉर्नॉक समितीने 1984 मध्ये हाच आधार घेतला. आपल्याकडच्या 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतही चौदा दिवस किंवा ही रेघ उमटणं, यांत जे आधी होईल ती मर्यादा आहे. ती वाढवावी का यावर जगभर वाद चालू आहे. माझ्या मते तो जरूर व्हावा, पण चौदाचा आकडा हवेतून काढलेला नाही, हे दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवावं.

पाठ आणि पोट ठरवण्याचं काम त्या मानाने सरळ आहे. पेशींच्या थराच्या कोणत्या अंगाला काय आहे, यावर ते बरंचसं अवलंबून असतं. खरी कमाल आहे डाव्या-उजव्याची. पुढे-मागे आणि वर-खाली ठरलं, तरी दोन्ही कुशी अजून हुबेहूब सारख्या असतात. हृदय डावीकडे आणि यकृत उजवीकडे, हे गर्भाला कोण सांगतं?

उंदराच्या गर्भात साडेसात-आठ दिवसांच्या सुमारास नोडच्या जागी एक उथळ खळगा असतो, द्रवाने भरलेला. त्यात दोनशेहून अधिक पेशी असतात आणि प्रत्येकीवर सिलिया म्हणतात तो एकेक सूक्ष्म केस. हे केस घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सेकंदाला दहाएक वेळा फिरतात. नुसते गोल फिरले असते तर द्रव जागच्या जागी घुसळला गेला असता. पण केस शेपटीकडे कललेले असतात. त्यामुळे डावीकडे जाताना ते वरच्या मोकळ्या द्रवातून जातात आणि उजवीकडे परतताना तळाला घासून. वल्हं पुढे नेताना पाण्याबाहेर आणि मागे ओढताना पाण्यात, म्हणून होडी एकाच दिशेला जाते. तसाच इथे द्रव डावीकडे वाहतो. खळग्याच्या काठावरच्या पेशींना हा प्रवाह जाणवतो, डाव्या बाजूला नोडलवरचा एक अडसर कमी होतो, तिथे नोडल जोर धरतं आणि पिटक्स-2 हे जनुक चालू होतं. मधल्या रेषेवर पुन्हा लेफ्टी-1 उभं असतं, संदेश उजवीकडे सांडू नये म्हणून.

टोकियोत नोबुताका हिरोकावा यांच्या प्रयोगशाळेने 1998 मध्ये हे केसच नसलेले उंदीर तयार केले, तेव्हा अवयवांची डावी-उजवी बाजू कशीही पडू लागली. शिगेनोरी नोनाका आणि हिरोशी हामादा यांच्या गटाने 2002 मध्ये गर्भावरून पंपाने उलटा प्रवाह सोडला आणि डावं-उजवं अदलाबदल झालं. जिवंत शरीराची रचना द्रवाच्या वाहण्याने बदलता येते, हे याहून थेट दाखवता आलं नसतं. अर्थात सगळे सस्तन प्राणी ही रीत वापरत नाहीत. डुकराच्या नोडमध्ये असे फिरणारे केस नसतात.

माणसातही याचा पुरावा वैद्यकाच्या दप्तरात आधीपासून होता. मानेस कार्टागेनर या स्विस डॉक्टरांनी 1933 मध्ये असे रुग्ण नोंदवले, ज्यांचे अवयव आरशात दिसावेत तसे उलटे होते आणि ज्यांना सायनस व श्वासनलिकांचा जुनाट त्रासही होता. दोन्हींचा संबंध काय, ते 1976 मध्ये ब्योर्न आफ्झेलियस यांनी उलगडलं. या रुग्णांच्या सिलियाच हलत नव्हत्या. श्वासनलिकेतला कफ पुढे सरकत नव्हता आणि गर्भात असताना द्रवही वाहिला नव्हता. प्रवाहच नसेल तर डावं-उजवं नशिबावर पडतं, म्हणून सिलिया न हलणाऱ्यांपैकी साधारण निम्म्यांचेच अवयव उलटे असतात.

अवयव पूर्ण उलटे असणं सुमारे दहा हजारांत एकाला आढळतं आणि बहुतेकांना त्याचा काही त्रास नसतो. पण तुमच्या घरात कुणाचं हृदय उजवीकडे असेल आणि त्याला लहानपणापासून सर्दी, ओला खोकला, कान वाहणं सतत होत असेल, तर या दोन्ही गोष्टी डॉक्टरांना एकत्र सांगा.