प्रो कबड्डीच्या लिलावात शेवटी घेतलेल्या पोरांवर एवढी चर्चा का होते?

प्रो कबड्डीचा लिलाव झाला की बातम्या येतात त्या कोटीच्या. कोण दोन कोटींच्या वर गेला, कुणाला कुणी पळवलं, वगैरे. पण कोलशेत, ढोकाळी, बाळकुम या पट्ट्यातल्या एखाद्या खऱ्या कबड्डीवाल्याला विचारा. टॉवर कितीही उभे राहिले तरी गावठाणातल्या पोरांना चढाई आणि पकड समजावून सांगावी लागत नाही. तो कोटीवाल्याबद्दल दोन वाक्यं बोलेल आणि मग यादीच्या तळाकडे वळेल. “डावा कोपरा कोण घेतलाय? नऊ लाखांत घेतलेला तो पोरगा कोण?”

हे कौतुक फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत तिथल्या फुटबॉलचा ड्राफ्ट असतो. त्यात बोली लागत नाही, संघ पाळीपाळीने खेळाडू निवडतात आणि आधीच्या हंगामात तळाला राहिलेल्याला सहसा आधी निवडायला मिळतं. अशा सात फेऱ्या होतात. सन २००० मध्ये टॉम ब्रेडी सहाव्या फेरीत, १९९ व्या क्रमांकावर निवडला गेला आणि पुढे त्याने सात सुपर बोल जिंकले. तेव्हापासून तिकडचा प्रत्येक चाहता शेवटच्या फेऱ्यांत पुढचा ब्रेडी शोधत असतो. आपल्याकडे आयएसएलनेही २३ जुलै २०१७ ला मुंबईत असाच ड्राफ्ट घेतला होता. भारतीय फुटबॉलपटूंचे दर आधीच ठरलेले होते, संघांनी फक्त पाळीनुसार नावं उचलायची.

कबड्डीत मात्र लिलाव आहे, त्यामुळे इथे पाळी ठरवतो तो पैसा. हिशेब बघा. अलीकडच्या हंगामांत एका संघाला खर्चायला ५ कोटी मिळतात. संघात किमान १८ खेळाडू लागतात, जास्तीत जास्त २५. समजा तुम्ही एकाच चढाईपटूवर सव्वादोन कोटी ओतले. उरले पावणेतीन कोटी, आणि भरायच्या आहेत किमान १७ जागा. म्हणजे डोक्यामागे सरासरी १६ लाख. खेळाडूंचे चार गट असतात आणि त्यांच्या मूळ किमती ३०, २०, १३ आणि ९ लाख. मोठे गट आधी पुकारले जातात. डी गटापर्यंत येईस्तोवर बहुतेकांच्या थैल्या हलक्या झालेल्या असतात. अशा वेळी ज्याने दहा-वीस लाख जपून ठेवलेत, त्याची चैन असते.

यू मुंबाच्या चाहत्यांना हे नव्याने सांगायला नको, त्यांच्याकडे सिद्धार्थ देसाई आहे. म्हणजे होता. कोल्हापूरच्या चंदगड तालुक्यातला हा गडी २०१८ च्या लिलावात मुंबाने ३६ लाख ४० हजारांना घेतला. त्याच लिलावात मुंबाने इराणच्या फझल अत्राचलीला एक कोटी दिले होते. सिद्धार्थ काही अगदी तळातला सौदा नव्हता, पण कोटीच्या गर्दीत त्याच्याकडे कुणाचं फार लक्षही नव्हतं. पहिल्याच हंगामात त्याने चढाईचे २१८ गुण काढले. पुढच्या वर्षी मुंबाने त्याला कायम ठेवलं नाही आणि तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाख मोजले. तिथे त्याचे गुण साधारण तेवढेच झाले. किंमत चौपट, गुण तेवढेच, आणि टायटन्स गुणतक्त्यात तळाजवळ. स्वस्तातला हिरा सापडला तरी तो स्वस्त राहतो एकच वर्ष, ही यातली खरी ग्यानबाची मेख.

याहून बोलकी गोष्ट २०२२ ची. तमिळ थलायवाजने पवन सेहरावतवर २ कोटी २६ लाख लावले. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि अख्खा हंगाम तो बाहेर बसला. संघाचं दिवाळंच निघायचं. पण त्यांच्याकडे नरेंदर नावाचा एक पोरगा होता, ‘न्यू यंग प्लेयर’ गटातला. या गटातल्या मुलांचं मानधन कमी असतं आणि त्यांच्यासाठी लिलावात चढाओढ होत नाही. नरेंदरने २४३ गुण मारले. थलायवाज उपांत्य फेरीपर्यंत पोहोचले आणि तिथे वरळीला पुणेरी पलटणकडून ३९-३७ असे हरले.

त्या पुणेरी पलटणचा पायाही याच गटातल्या मुलांचा. अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार आणि हरियाणाचा मोहित गोयत हे दोघं नवखे म्हणूनच संघात आले. दोन वर्षांनी अस्लमच्या कप्तानीत पलटण विजेती झाली. १ मार्च २०२४ ला अंतिम सामन्यात हरियाणा स्टीलर्सला २८-२५ ने हरवलं आणि हंगामातला सर्वात मोलाचा खेळाडूही अस्लमच ठरला. आता कुणी म्हणेल की त्याच संघात २ कोटी ३५ लाखांचा शादलूईही होता. बरोबर आहे. पण शादलूई घ्यायला पैसे उरले कशामुळे, हेही बघा.

एक गोष्ट मात्र या चर्चांमध्ये सोयीने विसरली जाते. मॅटवर एका वेळी सातच उतरतात. पंचवीसच्या संघातले कितीतरी जण हंगामभर ट्रॅकसूट घालून बाकावर बसतात आणि पुढच्या लिलावात त्यांचं नावही पुकारलं जात नाही. आपण सिद्धार्थ आणि नरेंदर आठवतो, कारण ते चालले. उरलेल्यांच्या घरी त्या नऊ लाखांचं महत्त्व वेगळं असतं. रेल्वे, पोलीस, बँक, कंपनी असा खेळाडू कोट्यातला चिकटपणा मिळेपर्यंत वर्ष ढकलायला ते पैसे लागतात. नाव झालं तरी खात्री नसतेच. प्रदीप नरवाल, चढाईत लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवलेला माणूस, २०२५ च्या लिलावात विकलाच गेला नाही. त्यानंतर त्याने निवृत्ती जाहीर केली.

त्यामुळे पुढच्या लिलावानंतर यादी हातात आली की तळाकडून वाचून बघा. चढाईपटूंपेक्षा आधी कोपरारक्षक आणि मध्यरक्षक शोधा, कारण पकडीची जोडी जमायला वेळ लागतो आणि राखीव कोपरा नसलेला संघ एका दुखापतीत उघडा पडतो. डाव्या बाजूने चढणारा एक तरी आहे का, हेही बघा. आणि जिल्हा वाचायला विसरू नका. रायगड, ठाणे, पालघर दिसलं तर त्या पोराला मातीवर खेळताना पाहिलेला कुणीतरी तुमच्या ओळखीत नक्की निघेल.