मुळांतून चढणारं विष

मृगाचा पाऊस झाला की मराठवाड्यात सरकी टोबायला सुरुवात होते आणि टोबणाऱ्यांच्या बोटांना बियाण्याचा रंग लागतो. त्या रंगीत लेपात बहुतेक वेळा इमिडाक्लोप्रिड असतं. बी रुजताना ते मुळांवाटे रोपात शिरतं आणि पुढचे काही आठवडे रोपाचा रस मावा-तुडतुड्यांना विषारी ठरतो. झाडाच्या आतून वाहणाऱ्या अशा औषधाला आंतरप्रवाही कीटकनाशक म्हणतात. हेच औषध आता छत्रपती संभाजीनगरातल्या गॅलऱ्यांमध्ये डेंड्रोबियम आणि फॅलिनॉप्सिसच्या कुंड्यांवर पडू लागलं आहे. ऑर्किड महाग, म्हणून कीड दिसताच मोंढ्यातून ‘जालीम’ बाटली आणली जाते. खरं तर ती उघडण्याआधी कीड कुठून खाते, हे पाहायला हवं.

पिठ्या ढेकूण पानाच्या बेचक्यात कापसासारखा बसतो आणि सोंड थेट अन्नरसाच्या नळीत खुपसतो. मऊ खवले कीडही तसंच करते. रस इतका पिते की जास्तीची साखर चिकट थेंबांनी बाहेर टाकते. पानावर हा चिकटा पडला, मुंग्यांची रांग लागली, की समजावं, कीड नळीतलाच रस पिते आहे. अशा किडीवर आंतरप्रवाही औषध लागू पडतं.

कठीण कवचाची खवले कीड मात्र वेगळी. ती नळीला तोंड लावतच नाही. आजूबाजूच्या पेशी फोडून खाते. तिचा चिकटा पडत नाही आणि इमिडाक्लोप्रिडचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. नखानं हळूच खरवडून पाहावं: कवच निघालं आणि खाली मऊ किडा उरला, तर ती हीच. कोळी तर कीटकच नव्हे, आठ पायांचा जीव. आपल्याकडे मार्च ते मे या कोरड्या उन्हाळ्यात ऑर्किडचं पान मागून चांदीसारखं पांढुरकं पडतं, ते बहुधा कोळ्यामुळे. इमिडाक्लोप्रिड कोळ्याला मारत नाही. उलट अशा औषधानंतर काही झाडांवर कोळी वाढल्याचं संशोधकांना आढळलं आहे. शंका असेल तर पांढऱ्या कागदावर पान झटकावं. चालणारे बारीक ठिपके दिसले, तर औषधाची बाटली बंदच ठेवून पानं दोन्ही बाजूंनी पाण्यानं धुवावीत. ओळख पटत नसेल, तर किडलेलं पान पिशवीत बंद करून पैठण रोडच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवता येतं.

ऑर्किडची मुळंही कपाशीसारखी नसतात. त्यांच्यावर मृत पेशींचा स्पंजासारखा थर असतो. कोरडा असताना तो रुपेरी दिसतो, भिजला की आतला हिरवा रंग उमटतो. पाणी आणि त्यात विरघळलेलं औषध हाच थर शोषतो. पण कुंडीत माती नसून साल आणि कोळसा असल्यानं ओतलेलं बहुतेक द्रावण तळातून निघून जातं. झाड विश्रांतीत असेल किंवा मुळं कुजलेली असतील, तर उरलेलंही वर चढत नाही. नवी मुळं फुटलेली असताना, आदल्या दिवशी पाणी दिलेल्या झाडाला, सकाळी लवकर दिलं तरच त्याचा उपयोग. उन्हात तर देऊच नये.

आता मात्रा. कपाशीसाठी 17.8 टक्क्यांचं इमिडाक्लोप्रिड 10 लिटर पाण्याला अडीच मिली अशी शिफारस असते. म्हणजे लिटरभर पाण्याला पाव मिली, जेमतेम पाच थेंब. बाटलीच्या बुचानं अंदाजे ओतलं, तर मात्रा कित्येक पटींनी चढते. 1 मिलीची सिरिंज घ्यावी आणि ती याच कामासाठी वेगळी ठेवावी. लेबलवरच्या पिकांत ऑर्किड बहुधा नसतंच, म्हणून माझं ठाम मत आहे की दोन-चार कुंड्यांसाठी आधी सर्जिकल स्पिरिटचा बोळा फिरवावा, मग निंबोळी तेल वापरावं. आंतरप्रवाही औषध अगदी शेवटी.

कारण हे औषध एकदा आत गेलं की धुऊन निघत नाही. वरच्या कुंडीतून गळलेलं पाणी खालच्या तुळशीत, कढीपत्त्यात किंवा पुदिन्यात गेलं, तर ते पानांतून आपल्या पोटात येऊ शकतं. कुंडी वेगळ्या ताटलीत ठेवावी, साचलेलं द्रावण मोरीत ओतू नये. फुलं असताना औषध टाळावं. मधमाश्यांना होणाऱ्या धोक्यामुळे युरोपीय संघानं 2018 मध्ये इमिडाक्लोप्रिडसह या गटातल्या तीन औषधांचा उघड्यावरचा वापर बंद केला.

लाल त्रिकोणाचं मोनोक्रोटोफॉस घरात आणूच नये. तेही आंतरप्रवाहीच. 2013 मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या शाळेत 23 मुलं जेवणातून गेली, ती याच विषानं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. मोकळ्या शेतात ही गत, तर बंद गॅलरीत काय होईल? हातमोजे, पूर्ण बाह्या, मास्क हवेच. औषध पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये. त्रास झाला तर घाटी रुग्णालयात जाताना मूळ बाटली सोबत न्यावी. उपचार औषधाच्या गटावर ठरतात. मोनोक्रोटोफॉसच्या गटाला अॅट्रोपिन देतात, इमिडाक्लोप्रिडला असा उतारा नाही, लक्षणांनुसारच उपचार होतात.

औषध दिल्यावर मेलेली कीड पानाला चिकटूनच राहते आणि गुण आला नाही असं वाटतं. ती ओल्या फडक्यानं पुसून घ्यावी आणि पंधरवडाभर नवी पिल्लं दिसतात का ते पाहावं. दिसली, तर अॅसिटामिप्रिड किंवा थायोमिथोक्झाम आणून औषध बदलल्याचं समाधान मानू नये. ती दोन्ही इमिडाक्लोप्रिडच्याच गटातली आहेत.