दोन सॅक, एक तंबू: जोडप्यानं जॉन म्युअर ट्रेल चालायची तर गणित कसं बसतं?

निळंशार तळं, मागे करडे सुळके, तंबूच्या दारात कॉफीचे दोन मग आणि त्यातून निघणारी वाफ. असं रील तुमच्याही फीडमध्ये कधीतरी आलं असेल. खाली कमेंटमध्ये कुणीतरी कुणाला तरी टॅग केलेलं असतं, ‘आपण पण जाऊया ना!’

जावं, जरूर जावं. पण दोघांनी मिळून वीस दिवस डोंगरात चालणं म्हणजे नेमकं काय, हे त्या तीस सेकंदांत कळत नाही. पाय किती मजबूत आहेत यापेक्षा किती किलो खाणं कुणाच्या पाठीवर आहे आणि दोघांपैकी हळू कोण चालतं, यावर हा ट्रेक ठरतो. कसं, ते जगातल्या एका नावाजलेल्या लांब पल्ल्याच्या वाटेवरून समजून घेऊ.

ही वाट आहे तरी कुठे?

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याच्या पूर्वेला सिएरा नेवाडा ही पर्वतरांग आहे. तिच्या कण्यावरून जाणारी वाट म्हणजे जॉन म्युअर ट्रेल. ती योसेमिटी दरीतल्या हॅपी आइल्सपासून सुरू होते आणि माउंट व्हिटनीच्या माथ्यावर संपते. अंतर सुमारे ३४० किलोमीटर. माथ्यावरून गाडीरस्त्यापर्यंत उतरायला आणखी १७ किलोमीटर लागतात.

व्हिटनीची उंची ४,४२१ मीटर आहे. अलास्का वगळता अमेरिकेत याहून उंच शिखर नाही. तुलनेसाठी सांगायचं तर आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. इथे पहिल्या दिवसाचा चढ संपला की जवळपास सगळी वाट २,३०० मीटरच्या वरच राहते.

या डोंगरांतून पायवाट असावी ही कल्पना थिओडोर सॉलोमन्स या तरुणाला सुचली, तीही १८८४ साली, वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षी. निसर्गरक्षणासाठी झटलेले जॉन म्युअर १९१४ साली वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावानं काम सुरू झालं आणि १९३८ साली वाट पूर्ण झाली. अर्थात माणसं इथून त्याआधी शेकडो वर्षं ये-जा करत होती. पाययूट लोक या वाटेला ‘नूमू पोयो’ म्हणतात, म्हणजे लोकांची वाट.

दोघं असले की ओझं निम्मं होतं का?

नाही. काही गोष्टींचंच होतं.

तंबू, स्टोव्ह, भांडं, पाणी गाळायचा फिल्टर, प्रथमोपचाराची पिशवी, पॉवर बँक, सॅटेलाइट मेसेंजर. या वस्तू दोघांत एकच पुरते. एकानं तंबूचं कापड घ्यायचं, दुसऱ्यानं दांड्या आणि स्टोव्ह. यातून प्रत्येकाचं साधारण एक-दीड किलो वजन वाचतं. वीस दिवस चढ-उतार करताना हे छोटं नाही.

पण स्लीपिंग बॅग, गरम कपडे, रेनकोट प्रत्येकाचा वेगळाच लागतो. आणि खाणं तर दुप्पटच लागतं. खरी गोष्ट इथून सुरू होते.

अस्वलाचा डबा

सिएरात काळी अस्वलं आहेत. माणसांच्या मागे लागण्यापेक्षा त्यांच्या खाण्यामागे लागण्यात त्यांना जास्त रस असतो. एकदा का अस्वलाला ट्रेकर्सच्या खाण्याची चटक लागली की ते पुन्हा पुन्हा येतं, धीट होतं आणि शेवटी अनेकदा त्याला मारावं लागतं. म्हणून या वाटेच्या मोठ्या भागात खाणं अस्वलाला उघडता न येणाऱ्या कडक डब्यात ठेवणं बंधनकारक आहे. टूथपेस्ट, सनस्क्रीन, लिप बाम, ज्याला म्हणून वास आहे ते सगळं रात्री त्यातच जातं आणि डबा तंबूपासून लांब ठेवला जातो.

सर्रास वापरला जाणारा मोठा डबा साडेअकरा लिटरचा असतो. रिकाम्याचंच वजन एक किलोच्या वर. नीट दाबून भरला तर त्यात एका माणसाचं सुमारे सात दिवसांचं खाणं बसतं.

आता नकाशा बघा. उत्तरेकडच्या अर्ध्या वाटेवर सामान घेता येईल अशी दोन-तीन ठिकाणं आहेत. साधारण मध्यावर म्युअर ट्रेल रँच लागतं. ट्रेकर्स आपलं खाणं प्लास्टिकच्या बादलीत भरून आधीच पोस्टानं तिथे पाठवतात आणि पोचल्यावर उचलतात. त्यानंतर मात्र शेवटच्या गाडीरस्त्यापर्यंत सुमारे १८० किलोमीटर वाटेवर ना दुकान, ना गाव. सह्याद्रीत गड उतरलं की पायथ्याच्या गावात पिठलं-भाकरी मिळते, ती सोय इथे नाही.

आता हिशोब मांडू

समजा एक जोडपं दिवसाला १८ किलोमीटर चालतं. १८० किलोमीटरला दहा दिवस. कोरडं, भरपूर कॅलरीचं खाणं माणशी रोज सुमारे ८०० ग्रॅम धरलं तर दोघांचे १६ किलो. आणि डबे? दोन माणसं गुणिले दहा दिवस म्हणजे वीस दिवसांचं खाणं. दोन डब्यांत ते मावत नाही, तिसरा लागतो.

आता समजा दोघांपैकी एकाच्या टाचेला मोठा फोड आला आणि वेग दिवसाला १५ किलोमीटरवर आला. दहाचे बारा दिवस झाले. म्हणजे आणखी ३.२ किलो खाणं हवं, आणि ते कुठेही मिळणार नाही.

लक्षात घ्या, फोड एकाच्या पायाला आला, पण खाणं दोघांचं कमी पडलं.

म्हणूनच बरीच जोडपी मधेच कीअरसार्ज खिंड चढून पूर्वेला उतरतात. तिथे गाडीरस्ता आहे आणि खाली इंडिपेंडन्स नावाचं छोटं गाव. जायला १२ आणि परत यायला १२ किलोमीटरची जादा चाल पडते, पण तिसऱ्या डब्याची गरज संपते, आंघोळ होते आणि ‘पुढे जायचं का?’ हा प्रश्न पोटभर जेवून विचारता येतो.

सगळ्यात धोक्याचं वाक्य: ‘तू हो पुढे, मी येतो’

हे वाक्य प्रेमानं म्हटलं जातं. एकाचा वेग जास्त असतो, दुसऱ्याला त्याला अडकवून ठेवायचं नसतं. एक-दोन तासांनी खिंडीत भेटू असं ठरतं.

पण वजन वाटून घेतल्यामुळे तंबूचं कापड एकाकडे आणि दांड्या दुसऱ्याकडे आहेत. फिल्टर एकाकडे, स्टोव्ह दुसऱ्याकडे. मोबाइलला जवळजवळ कुठेच रेंज नाही आणि सॅटेलाइट मेसेंजर एकच आहे. वाटेच्या एका फाट्यावर चुकामूक झाली तर संध्याकाळी दोन माणसं दोन ठिकाणी अर्धवट सामानासह थंडीत उभी असतात. जुलै-ऑगस्टमध्येही इथे रात्री पारा शून्याच्या आसपास जाऊ शकतो.

यावरचा उपाय जुनाच आहे. जो हळू चालतो त्यानं पुढे चालायचं. मागच्याला थोडा कंटाळा येतो, पण पुढच्यावर ‘माझ्यामुळे उशीर होतोय’ हे दडपण राहत नाही आणि दोघं नजरेच्या टप्प्यात राहतात. प्रत्येक फाट्यावर आणि प्रत्येक ओढ्यावर थांबायचंच, हा नियम निघण्याआधी ठरवायचा.

ओढ्यांवर तर सोबत फारच मोलाची. जून-जुलैत वितळलेल्या बर्फाचं पाणी दुपारनंतर वाढतं आणि पहाटे कमी असतं. म्हणून मोठे ओढे सकाळी ओलांडतात, तेही सॅकचा कमरेचा पट्टा सोडून, म्हणजे पडलात तर सॅक टाकून देता येते. दोघांनी एकमेकांना धरून सावकाश पार केलं तर तोल सांभाळायला मदत होते. पाणी जास्त वाटलं तर मुक्काम करायचा आणि उद्या सकाळी पुन्हा बघायचं.

एकच अपवाद: वीज

उन्हाळ्यात दुपारी इथे वादळी ढग जमतात. म्हणून उंच खिंडी शक्यतो दुपारच्या आत ओलांडतात. तरीही विजांनी उघड्यावर गाठलंच, तर जवळ येऊन एकमेकांना मिठी मारून बसायचं नाही. १५ ते ३० मीटर अंतर ठेवायचं. एकाला विजेचा धक्का बसला तर दुसरा शुद्धीवर आणि प्रथमोपचार करण्याच्या स्थितीत राहावा, हा त्यामागचा विचार.

परत फिरायचं कुणी ठरवायचं?

साधारण २,५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कुणालाही होऊ शकतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप लागत नाही. जिममध्ये किती वजन उचलता याच्याशी त्याचा संबंध नाही. दोघांपैकी जास्त तंदुरुस्त वाटणाऱ्यालाच तो होऊ शकतो. बहुतेक जण ही वाट उत्तरेकडून दक्षिणेकडे चालतात, त्याचा फायदा इथे होतो. खिंडींची उंची हळूहळू वाढत जाते आणि ४,००९ मीटरची फॉरेस्टर खिंड शेवटी येते. तोवर शरीराला सवय झालेली असते.

तरीही त्रास वाढत गेला तर खाली उतरणं हाच उपाय. अडचण अशी की आजारी माणूस सहसा ‘मी ठीक आहे’ म्हणतो. परमिटसाठी महिनोन्‌महिने वाट बघितलेली असते. योसेमिटीहून डोनोह्यू खिंड ओलांडून जाणाऱ्यांवर २०१५ पासून रोज ४५ जणांची मर्यादा आली, त्यामुळे पुन्हा संधी कधी मिळेल सांगता येत नाही. जोडीदाराचं स्वप्न आपल्यामुळे मोडू नये, म्हणून माणूस दुखणं दडवतो.

म्हणून अनुभवी जोडपी आधीच एक करार करतात: दोघांपैकी कुणीही ‘बास’ म्हटलं तर दोघंही उतरायचं आणि त्या रात्री त्यावर वाद घालायचा नाही.

निघण्याआधी स्वतःला विचारा

एक, आपण दोघं पूर्ण वजन घेऊन सलग तीन दिवस कधी चाललोय का? सह्याद्रीतला एखादा रेंज ट्रेक यासाठी उत्तम परीक्षा आहे.

दोन, खाण्याचा हिशोब हळू चालणाऱ्याच्या वेगावर केलाय का?

तीन, मधेच बाहेर पडायच्या वाटा दोघांनाही पाठ आहेत का, की नकाशा फक्त एकाच्याच मोबाइलमध्ये आहे?

तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर कमेंटमध्ये खुशाल टॅग करा!