नवजात अर्भकातील जीवनसत्त्व ‘के’ची उणीव : कारणे आणि प्रतिबंध

प्रस्तावना

चिकोडी, निपाणी या सीमाभागात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत सर्वच समाजांत आहे. चिकोडीची सून बाळंतपणासाठी कागलला किंवा इचलकरंजीला जाते, तिकडची सून इकडे माहेरी येते. बाळ एका राज्यात जन्मते आणि दीड-दोन महिन्यांनी दुसऱ्या राज्यातील घरी पोहोचते. नेमक्या याच वयात जीवनसत्त्व ‘के’च्या उणिवेमुळे होणाऱ्या रक्तस्रावाचा सर्वांत घातक प्रकार उद्भवतो. तोवर बाळ बहुधा धडधाकट दिसते. जन्माच्या दिवशी दिलेले एक इंजेक्शन हा प्रसंग टाळू शकते. म्हणूनच ते दिले गेले होते की नाही, हे घरच्यांना ठाऊक असणे महत्त्वाचे ठरते.

उणीव का निर्माण होते?

रक्त गोठवणारी काही प्रथिने यकृतात तयार होतात. ती कार्यक्षम होण्यास जीवनसत्त्व ‘के’ लागते. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ हेन्रिक दाम यांना १९२९ च्या सुमारास असे आढळले की, स्निग्धांशविरहित खाद्यावर वाढवलेल्या कोंबडीच्या पिलांना रक्तस्राव होतो. पुढे १९३५ मध्ये त्यांनी या अभावी घटकाला ‘कोआग्युलेशन’ म्हणजे गोठणे या शब्दावरून ‘के’ हे नाव दिले. १९४३ चे नोबेल पारितोषिक त्यांना व एडवर्ड डॉइझी यांना मिळाले.

प्रौढ माणसाला हे जीवनसत्त्व मुख्यतः पालक, मेथी यांसारख्या पालेभाज्यांतून मिळते. अर्भकाची स्थिती वेगळी असते. आईच्या रक्तातील ‘के’ वारेतून बाळाकडे फारच थोडे जाते. आईच्या दुधात त्याचे प्रमाण लिटरमागे साधारण १ ते ४ मायक्रोग्रॅम इतकेच असते. यात आईचा दोष नाही. तिने नेहमीच्या आहारात चार घास पालेभाजी अधिक खाल्ल्याने ही उणीव भरून निघत नाही. तसेच यावरून स्तनपान थांबवावे असा अर्थही कोणी काढू नये. आईचे दूध चालू ठेवून ‘के’ वेगळे द्यावे, हाच योग्य मार्ग होय.

रक्तस्रावाचे तीन प्रकार

पहिला प्रकार जन्मानंतर २४ तासांच्या आत दिसतो. गरोदरपणी आईने फेफऱ्यावरील किंवा क्षयरोगावरील काही औषधे घेतली असल्यास त्याचा धोका वाढतो. जन्मानंतरचे इंजेक्शन येथे नेहमीच पुरे पडत नाही. म्हणून अशी औषधे चालू असल्यास ते डॉक्टरांना आधीच सांगितले पाहिजे. मात्र ती औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत.

दुसरा प्रकार २ ते ७ दिवसांत दिसतो. नाळेतून, नाकातून वा शौचावाटे रक्त येते. प्रतिबंध न केल्यास दर १,००० अर्भकांपैकी सुमारे अडीच ते सतरा अर्भकांना तो होतो, असा अंदाज आहे.

तिसरा प्रकार बहुधा २ ते १२ आठवड्यांत उद्भवतो, क्वचित सहा महिन्यांपर्यंतही. त्याचे प्रमाण कमी आहे, पण यात निम्म्याहून अधिक बाळांच्या मेंदूत रक्तस्राव होतो. त्यातून मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व येऊ शकते. पुष्कळदा त्याआधी नाकातून थोडे रक्त येणे, अंगावर निळसर डाग उठणे अशी पूर्वसूचना मिळते.

प्रतिबंध

भारत सरकारच्या आरोग्य खात्याने २०१४ मध्ये यासंबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार जन्मतः १,००० ग्रॅम किंवा अधिक वजनाच्या बाळास १ मिलिग्रॅम व त्याहून कमी वजनाच्या बाळास अर्धा मिलिग्रॅम ‘के’ मांडीच्या स्नायूत, पहिल्या २४ तासांत एकदाच द्यावयाचे असते. ही लस नव्हे. त्यामुळे ‘बाळाच्या सगळ्या लसी झाल्या’ या उत्तरात याचा समावेश आहे असे गृहीत धरू नये. घरी जन्मलेल्या बाळास शक्य तितक्या लवकर आरोग्य केंद्रात न्यावे.

या इंजेक्शनाने कर्करोग होतो, अशी शंका १९९२ मध्ये ब्रिटनमधील एका अभ्यासाने निर्माण केली होती. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत तसा संबंध आढळला नाही.

जिल्ह्यातील एक अनुभव

जन्मवेळी दिलेले साधे औषध काय करू शकते, याचे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. २००२ ते २००५ या काळात बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या सहभागाने ग्रामीण भागात १,६२० बाळंतिणींवर एक अभ्यास झाला. त्यात आरोग्य सेविकांनी प्रसूतीनंतर लगेच मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या. मातांमधील अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. तो अभ्यास मातांविषयी होता, औषधही वेगळे होते. परंतु प्रशिक्षित सेविका आणि स्वस्त औषध वेळेवर हजर असेल तर खेड्यातही रक्तस्राव रोखता येतो, हे त्यातून सिद्ध झाले.

समारोप

अध्यापकांच्या वर्गात बसणाऱ्या अनेक मुली काही वर्षांत माता होतील. काही जणींच्या घरी आजही वहिनी वा बहीण बाळंतीण असेल. त्यांना तीन गोष्टी सांगता येतील. दवाखान्यातून निघण्यापूर्वी ‘के’चे इंजेक्शन दिले का, हे विचारावे आणि तारखेसह कार्डावर लिहून घ्यावे. ते कार्ड बाळासोबत सासरी न्यावे. अकीक्याचे जावळ, खतना किंवा कान टोचणे यांपूर्वी ही नोंद पाहावी. बाळास कोठूनही रक्त येणे, दूध न ओढणे, वारंवार उलटी, झटके, टाळू फुगणे, तसेच लांबलेली कावीळ व पांढुरकी शौच यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठावा. कार्डावरची ती एक ओळ कन्नडमध्ये असो, मराठीत असो वा इंग्रजीत, ती वाचून घेणे हे शिकलेल्या माणसाचे काम आहे.