विश्लेषण : मोबाइलवरचा सर्व्हर बिघडला, तर दोष शोधायचा कुठे?

बदलापूर पूर्वेच्या शिरगावात राहणारी, माहिती तंत्रज्ञानाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षातील एखादी विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणा. घरात लॅपटॉप नाही. सोसायटीत येणाऱ्या पाण्याच्या टँकरची नोंद ठेवणारे संकेतस्थळ हा तिचा प्रकल्प. तो तिने फोनवरच उभा केला आणि दोन महिन्यांच्या खऱ्या नोंदीही त्यात भरल्या. तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री तिने त्यातील एक भाग नव्या आवृत्तीचा केला आणि सर्व्हर सुरूच होईना. अशा वेळी मिळणारा सल्ला ठरलेला असतो : ‘ॲप काढून टाक आणि पुन्हा टाक.’ फोनवरच्या सर्व्हरसाठी हाच सल्ला सर्वांत महागात पडू शकतो. तो का, आणि त्याऐवजी काय करावे?

फोनवर सर्व्हर चालतो म्हणजे नेमके काय?

सर्व्हर म्हणजे मोठे यंत्र नव्हे. कुणी पान मागितले की ते शोधून देणारा प्रोग्राम म्हणजे सर्व्हर. तो फोनवरही चालू शकतो. नोकियाच्या संशोधन केंद्राने २००६ मध्येच ‘अपाची’ हा प्रसिद्ध वेब सर्व्हर सिम्बियन फोनवर चालवून दाखवला होता. आज अँड्रॉइडवर ‘टर्मक्स’ हे मोफत ॲप त्यासाठी वापरले जाते. त्यात काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून अपाची, पीएचपी ही भाषा आणि मारियाडीबी हा डेटाबेस बसवता येतो. फोन रूट करण्याची, म्हणजे त्याचे कुलूप तोडण्याची गरज नसते. फोनला स्वतःची बॅटरी असल्याने वीज गेली तरी सर्व्हर लगेच बंद पडत नाही.

‘मॉड्यूल’ कशासाठी असतात?

अपाची १९९५ पासून वापरात आहे. त्याचा गाभा लहान असून बहुतेक कामे मॉड्यूल नावाच्या सुट्या भागांकडे सोपवलेली असतात. पत्ते बदलून देणारा भाग वेगळा, पीएचपी समजणारा वेगळा, सुरक्षित जोडणीचा वेगळा. कोणते भाग जोडायचे याची यादी मांडणीच्या मुख्य फाइलमध्ये असते. ‘लोडमॉड्यूल’ या शब्दाने सुरू होणारी प्रत्येक ओळ म्हणजे एक भाग. ओळीच्या सुरुवातीला हॅशचे चिन्ह टाकले की तो भाग सुटतो, चिन्ह काढले की जोडला जातो.

याचा फायदा असा, की ‘सर्व्हर बिघडला’ असे वाटते तेव्हा बहुतेक वेळा एखादाच भाग किंवा दोन भागांमधला सांधा बिघडलेला असतो. तो सापडला की बाकी सारे जागच्या जागी राहते.

ॲप काढून पुन्हा टाकणे धोक्याचे का?

अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपला स्वतःची खासगी जागा मिळते. टर्मक्समध्ये बसवलेला सर्व्हर, लिहिलेला कोड आणि डेटाबेस हे सारे त्या जागेत असते. ॲप काढले की ही जागाही पुसली जाते. फोनच्या ‘डाउनलोड’ फोल्डरमध्ये प्रत ठेवलेली नसेल, तर दोन महिन्यांच्या नोंदी एका स्पर्शात जातात. ‘क्लिअर डेटा’ दाबल्यावरही हेच होते.

म्हणून दुरुस्तीची सुरुवात प्रत काढण्यापासून करावी. टर्मक्सला फोनच्या साठवणुकीची परवानगी द्यावी, कोडचे फोल्डर ‘डाउनलोड’मध्ये उतरवावे. डेटाबेस सुरू होत असेल, तर ‘डंप’ची आज्ञा देऊन सर्व नोंदी एका फाइलमध्ये काढाव्यात. ती फाइल स्वतःलाच ईमेलने पाठवली, तर फोन हरवला तरी प्रकल्प हरवत नाही.

पहिली तपासणी कोणती?

सर्व्हर सुरू न करता त्याची फक्त मांडणी तपासण्याची सोय अपाचीमध्ये आहे. ‘अपाचीसीटीएल’ या आज्ञेपुढे ‘कॉन्फिगटेस्ट’ हा शब्द टाइप केला की सर्व्हर फाइल वाचतो आणि सारे ठीक असेल तर ‘सिंटॅक्स ओके’ असे उत्तर देतो. अर्थात आज्ञा आणि पत्ते टाइप करताना अक्षरे व अंक इंग्रजीच हवेत. चूक असेल, तर कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीत आहे हे तो सांगतो. मांडणी बरोबर असूनही काम होत नसेल, तर एरर लॉगच्या शेवटच्या वीसेक ओळी पाहाव्यात.

त्या वाचतानाचा नियम सोपा आहे. ताज्या प्रयत्नातील पहिली चूक आधी वाचावी. तिच्याखालची रांग अनेकदा तिचेच परिणाम असते. सर्व्हरचे नाव निश्चित करता आले नाही, हा संदेश हमखास दिसतो. ती नुसती सूचना आहे, सर्व्हर तिच्यामुळे थांबत नाही. आज्ञा चुकीची आहे किंवा ती समजणारे मॉड्यूल जोडलेले नाही, या संदेशाकडे मात्र लक्ष द्यावे. ‘रीराइटइंजिन’ या शब्दावर असा आक्षेप आला, तर पत्ते बदलणाऱ्या ‘रीराइट’ मॉड्यूलच्या ओळीपुढचे हॅश काढायचे राहिले आहे, इतकाच त्याचा अर्थ.

नवी आवृत्ती टाकल्यावरच बिघाड का होतो?

टर्मक्समधील भाग एकमेकांच्या लायब्ररींवर, म्हणजे सामाईक कोडच्या फाइलींवर उभे असतात. आपल्या विद्यार्थिनीने फक्त पीएचपी नव्या आवृत्तीचे केले, बाकीचे जुनेच राहिले. नवे पीएचपी नवी लायब्ररी मागते, ती फोनवर नसते. मग लायब्ररी सापडत नाही किंवा प्रोग्राम जोडता येत नाही, असा संदेश येतो. येथे कोडमध्ये चूक शोधत बसण्यात अर्थ नाही. उपाय म्हणजे एकच भाग न उचलता ‘पीकेजी अपग्रेड’ ही आज्ञा देऊन सर्व भाग एकाच वेळी अद्ययावत करणे.

या वेळी एक प्रश्न विचारला जाऊ शकतो : तुम्ही बदललेली मांडणीची फाइल ठेवायची की नवी घ्यायची? घाईत ‘हो’ म्हटले की नवी फाइल येते आणि स्वतः जोडलेल्या मॉड्यूलच्या ओळी वापरातून जातात. नीट चालत असलेली मांडणी असेल, तर जुनी ठेवण्याचा पर्याय निवडावा.

टर्मक्स कुठून घेतले, यालाही महत्त्व आहे. अँड्रॉइड १० पासूनच्या निर्बंधांमुळे प्ले स्टोअरवरील त्याची आवृत्ती २०२० नंतर बराच काळ मागे पडली. त्यामुळे अनेक वापरकर्ते ते ‘एफ-ड्रॉइड’वरून घेतात. मुख्य ॲप एकीकडून आणि त्याची पूरक ॲप दुसरीकडून घेतली, तर स्वाक्षरी जुळत नाही आणि ती एकत्र चालत नाहीत.

पीएचपी जोडले, तरी अपाची का अडतो?

एका वेळी अनेक पाहुण्यांना कसे सांभाळायचे, हेही अपाचीत एक मॉड्यूलच ठरवते. ‘वर्कर’ हे मॉड्यूल एकाच प्रक्रियेत अनेक धागे चालवते. ‘प्रीफोर्क’ प्रत्येक पाहुण्यासाठी वेगळी प्रक्रिया ठेवते. पीएचपीचे नेहमीचे मॉड्यूल धाग्यांसाठी बांधलेले नसते. ते ‘वर्कर’बरोबर जोडले की अपाची सुरू होण्यास नकार देतो आणि पीएचपी पुन्हा बांधून घ्या, असे सुचवतो. नवशिके येथेच घाबरतात. प्रत्यक्षात दोन ओळींचे काम असते : ‘वर्कर’च्या ओळीपुढे हॅश टाकायचे, ‘प्रीफोर्क’च्या ओळीपुढचे काढायचे.

सर्व्हर सुरू झाला, पण पानाऐवजी पीएचपीचा कोडच पडद्यावर आला, तर मॉड्यूल जोडलेले नाही किंवा पीएचपीच्या फाइली त्याच्याकडे सोपवणारी ओळ राहिली आहे, असे समजावे.

सर्व्हर सुरू होतो, पण मध्येच बंद पडतो. असे का?

येथे दोष सर्व्हरचा नसून अनेकदा फोनचा असतो. अँड्रॉइड १२ पासून सर्व ॲपनी मिळून सुरू केलेल्या उपप्रक्रियांवर ३२ची मर्यादा आली. ती ओलांडली की अँड्रॉइड काही उपप्रक्रिया परस्पर बंद करतो. टर्मक्सच्या पडद्यावर ‘सिग्नल ९’ असा उल्लेख दिसला, तर ही शक्यता आधी तपासावी. ‘प्रीफोर्क’ सुरुवातीलाच पाच प्रक्रिया उभ्या करतो आणि पाहुणे वाढले की आणखी वाढवतो. म्हणजे पीएचपीसाठी केलेला उपायच येथे अडचणीचा ठरू शकतो. परीक्षेत दोन-तीन फोन जोडले जाणार असतील, तर मांडणीच्या फाइलमध्ये प्रक्रियांची कमाल संख्या पाच-सहावर आणावी. अँड्रॉइड १४ मध्ये डेव्हलपर पर्यायांत ही मर्यादा बंद करण्याची सोय आहे.

दुसरे कारण बॅटरी वाचवण्याची यंत्रणा. पडदा काळा झाला की फोन ॲपला झोपवतो. त्यासाठी टर्मक्सच्या सूचनापट्टीतील ‘वेक लॉक’ सुरू करावे आणि फोनच्या सेटिंगमध्ये या ॲपवरील बॅटरीचे निर्बंध काढावेत.

तिसरी अडचण पोर्टची, म्हणजे ज्या क्रमांकाच्या दारावर सर्व्हर उभा राहतो त्याची. संकेतस्थळांचे नेहमीचे दार ८० क्रमांकाचे. पण रूट न केलेल्या फोनवर १०२४ च्या खालची दारे साध्या ॲपला उघडता येत नाहीत, म्हणून टर्मक्समधील अपाची ८०८० वर उभा राहतो. मांडणीत ८० लिहिले तर परवानगी नाकारली जाते. ‘पत्ता आधीच वापरात आहे’ असे उत्तर आले, तर बहुधा सर्व्हरची जुनी प्रत मागे चालूच असते. ती थांबवून मग नवी सुरू करावी.

पान दिसते, पण नोंदी दिसत नाहीत, मग?

मग अपाची आणि पीएचपी यांना दोष देण्याचे कारण नाही, तपास पुढच्या सांध्यावर न्यावा. मारियाडीबी हा स्वतंत्र सर्व्हर आहे आणि अपाची सुरू केला म्हणून तो आपोआप सुरू होत नाही. जोडणी नाकारली गेली, तर आधी तो चालू आहे का ते पाहावे. चालू असूनही फाइल सापडत नाही असे उत्तर आले, तर कोडमध्ये ‘लोकलहोस्ट’ या शब्दाऐवजी १२७.०.०.१ हा पत्ता लिहून पाहावा. ‘लोकलहोस्ट’ लिहिले की पीएचपी नेटवर्कऐवजी सॉकेट नावाची एक फाइल शोधते. तिची जागा दोन्हीकडे एकच नसेल, तर जोडणी होत नाही.

परीक्षकांच्या फोनवर ते कसे उघडणार?

स्वतःच्या ब्राउझरमध्ये १२७.०.०.१ आणि पुढे ८०८० हा पोर्ट टाकला की पान उघडते. पण हा पत्ता म्हणजे ‘मी स्वतः’. दुसऱ्या फोनवर तो टाकला तर तो फोन स्वतःमध्येच शोधतो. मोबाइल डेटावर तर बाहेरून आपल्या फोनपर्यंत सहसा पोहोचताच येत नाही, कारण कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. सोपा मार्ग हॉटस्पॉटचा. सर्व्हरच्या फोनवर हॉटस्पॉट सुरू करून दुसरा फोन त्याला जोडावा. त्या फोनच्या वायफाय तपशिलात ‘गेटवे’ म्हणून जो पत्ता दिसतो, तोच सर्व्हरच्या फोनचा. त्यापुढे ८०८० टाकले की पान उघडते. यासाठी इंटरनेटही लागत नाही. पण ज्याच्याकडे हॉटस्पॉटचा पासवर्ड आहे, त्याला हे पान दिसू शकते, हे ध्यानात ठेवून काम झाल्यावर सर्व्हर बंद करावा.

एवढी खटपट करावी का?

शेकडो लोक वापरतील असे संकेतस्थळ फोनवर ठेवू नये. सतत चार्जिंगला लावलेली बॅटरी तापते, फुगू शकते आणि अँड्रॉइड कोणतीही प्रक्रिया कधीही बंद करू शकतो. शिकण्यासाठी, दाखवण्यासाठी आणि घरातल्या छोट्या कामासाठी मात्र फोन पुरतो. ज्या घरात लॅपटॉप नाही, तेथे सर्व्हर आतून कसा चालतो हे हाताने शिकण्याचा तोच मार्ग असतो.

बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ६८ किलोमीटर. महाविद्यालय मुंबईत असेल, तर लोकलमध्ये जागा मिळाल्यावर शेवटची तपासणी करायला पुरेसा वेळ मिळतो. क्रम एवढाच : आधी प्रत, मग मांडणीची तपासणी, मग लॉगमधील पहिली चूक. एका वेळी एकच बदल करायचा आणि प्रत्येक बदलानंतर सर्व्हर पुन्हा सुरू करून पाहायचा. एकदम पाच बदल केले आणि सर्व्हर चालला, तरी नेमका दोष कशात होता हे कळत नाही. तोंडी परीक्षेत तर परीक्षक नेमके तेच विचारू शकतात.