बेकार कोणाला म्हणावे?

देशात बेकारी वाढली, बेकारी घटली, अशा बातम्या आपण नेहमी ऐकतो. पाऊस मोजावयास पर्जन्यमापक आहे, दूध मोजावयास माप आहे. पण बेकारी मोजावयाची कशाने? नोकरीसाठी सरकारी कार्यालयात नावे नोंदविलेल्यांची यादी असते खरी. पण त्या यादीतले काही जण शिकत असतात, काहींना काम लागलेले असते, आणि खेड्यातील बहुतेक शेतमजुरांनी तेथे कधी पाऊलच टाकलेले नसते. म्हणून शेवटी काही घरे नमुन्यादाखल निवडून, तेथे जाऊन माणसांना विचारावे लागते. म्हणजे बेकारीचे माप हा एक प्रश्न आहे. तो कसा विचारला, किती मुदतीबद्दल विचारला आणि उत्तर कोणी दिले, यांवर आकडा ठरतो. हे कसे ते आज आपण पाहू.

ज्याला काम नाही तो बेकार, असे आपण सहज बोलून जातो. मोजणीला ते चालत नाही. शाळेत जाणारा मुलगा आणि अंथरुणाला खिळलेली आजी यांना कोणी बेकार म्हणणार नाही. म्हणून माणसांचे तीन गट करतात : कामात असलेले, काम नाही पण काम हवे आहे असे, आणि या दोहोंत न बसणारे. पहिले दोन गट मिळून श्रमशक्ती होते. श्रमशक्तीतील दर शंभरांमागे बेकार किती, हा बेकारीचा दर. तिसऱ्या गटात ज्याचे नाव पडले, तो या हिशेबातूनच बाहेर गेला. तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या गटांमधले कुंपण कोठे घालावयाचे, हा सगळ्यांत अवघड प्रश्न आहे.

अमेरिकेत १९४० पासून दरमहा अशी पाहणी होते. तेथे साधारण नियम असा, की गेल्या चार आठवड्यांत माणसाने काम शोधण्यासाठी प्रत्यक्ष खटपट केली असली पाहिजे. नुसत्या जाहिराती वाचल्या तर ती खटपट धरीत नाहीत. कारखान्यांच्या आणि कचेऱ्यांच्या देशाला हे ठीक आहे. पण आपल्या खेड्यातला मजूर अर्ज कोणाकडे करणार? कोणाच्या शेतात खुरपणी निघाली आहे, कोणाच्या विहिरीचे काम चालले आहे, हे साऱ्या गावाला ठाऊक असते. काम निघाले की निरोप येतो. निघाले नाही तर घरोघर फिरून उपयोग नाही. असा माणूस काम शोधीत नाही म्हणून त्याला काम नको आहे, असे म्हणता येईल काय?

महाराष्ट्राने याचे उत्तर १९७२ च्या दुष्काळात पाहिले. खडी फोडण्याची, रस्त्यांची, तलावांची कामे निघाली, आणि १९७३ च्या उन्हाळ्यात त्या कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. त्यांत बायकांची संख्या फार मोठी होती. ‘तुम्ही काम शोधता का?’ असे आदल्या वर्षी विचारले असते, तर यांतल्या कितीतरी बायकांनी नाही म्हटले असते. काम गावाजवळ आले तेव्हा त्या घमेले घेऊन हजर झाल्या.

म्हणूनच आपल्याकडच्या राष्ट्रीय नमुना पाहणीत दोन गोष्टी विचारतात : काम शोधीत होता का, आणि शोधीत नसला तरी मिळाले असते तर करावयास तयार होता का? दोहोंपैकी एकाला ‘होय’ असेल तरी तो बेकारांत धरला जातो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८२ च्या परिषदेनेही, जेथे काम शोधण्याचे ठरीव मार्ग नाहीत तेथे शोधण्याची अट सैल करण्यास मोकळीक दिली.

आता मुदतीचा प्रश्न. प्रा. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने १९७० साली सांगितले, की आपल्या देशातील बेकारी एकाच आकड्यात बसणार नाही. त्यानंतर १९७२-७३ च्या पाहणीपासून तीन मापे आली : एक वर्षाचे, एक आठवड्याचे, एक दिवसाचे.

समजा, एका शेतमजूर बाईला गेल्या आठवड्यात सोमवारी दिवसभर खुरपणी मिळाली, बुधवारी दोन-तीन तास शेंगा तोडण्याचे काम मिळाले. बाकी वेळ ती कामाला तयार होती, पण काम नव्हते. आठवड्याच्या मापाने ती ‘कामात’ आहे. कारण सात दिवसांत एक तास काम केले तरी त्या मापाला पुरते. वर्षाच्या मापानेही, वर्षात तीस दिवसांहून अधिक काम केले असेल तर जोडकामाच्या हिशेबात ती ‘कामात’च येते. दिवसाचे माप मात्र निराळे बोलते. त्यात प्रत्येक दिवसाचे दोन अर्धे करतात. सोमवार पूर्ण, बुधवार अर्धा, म्हणजे काम दीड दिवस आणि बेकारी साडेपाच दिवस! बाई तीच, आठवडा तोच.

देशाच्या आकड्यांतही हेच दिसते. २०११-१२ च्या पाहणीत बेकारीचा दर वर्षाच्या मापाने शेकडा २.२, आठवड्याच्या मापाने ३.७ आणि दिवसाच्या मापाने ५.६ आला. यांतला कोणताही आकडा खोटा नाही. पण कोणत्या मापाचा आकडा हे सांगितल्यावाचून तो फेकणे, म्हणजे शेर की पायली हे न सांगता नुसते ‘दहा’ म्हणण्यासारखे आहे.

तिसरी गोष्ट, उत्तर कोणी दिले. पाहणीचा माणूस दारात येतो तेव्हा बहुधा घरातला एकच जण सर्वांची माहिती सांगतो. मालकीण काय करते, असे विचारले की कारभारी म्हणतात, ‘ती काय, घरीच असते.’ झाले! ती तिसऱ्या गटात गेली. वस्तुतः ती घरच्या शेतात राबते, डेअरीला दूध घालण्यासाठी म्हैस सांभाळते. मजुरी मिळत नसली तरी पाहणीच्या नियमाने हे कामच आहे. आणि खरोखर घरीच असलेल्या बाईलाही गावात काम हवे असेल, पण हे तिला कोणी विचारलेलेच नसते.

२०१७ पासून ही पाहणी दरवर्षी होते, आणि जानेवारी २०२५ पासून तिचे आकडे दरमहाही निघू लागले. नमुन्याची घरे वर्षाला सुमारे २ लाख ७२ हजार झाली असून, निवडलेल्या घरी लागोपाठ चार महिने, असे चार वेळा जातात. एवढ्या मोठ्या देशात आपले घर निवडले गेले, तर त्या एका उत्तरामागे हजारो घरे उभी असतात. तेव्हा कंटाळून ‘मागचेच लिहा’ म्हणू नये. घरातल्या बाईबद्दलचा प्रश्न तिलाच विचारू द्यावा.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवितो. वरच्या वर्गातील मुलांना आपापल्या घरचा सात दिवसांचा तक्ता करण्यास सांगा. प्रत्येक मोठ्या माणसाने रोज किती तास काम केले, आणि आणखी काम मिळाले असते तर केले असते का, एवढेच लिहावयाचे. मुलांनी आईची रकाने मात्र आईला विचारूनच भरावीत. मग तोच तक्ता तिन्ही मापांनी मोजून पाहावा. वर्षाच्या मापासाठी घरच्यांना वर्षभराचा अंदाज विचारावा लागेल. आकडेशास्त्राचा एक चांगला धडा तर होईलच. शिवाय आपल्या गावात हात किती रिकामे आहेत आणि ते कोणाचे आहेत, हेही कळेल. गावात कोणती कामे मागावयाची, हे ठरविताना त्या तक्त्याचा उपयोग होईल.