तासाभराचा रिपोर्ट आणि त्याआधीची रात्र

आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर ज्यांनी रात्री काढल्या आहेत, त्यांना एक वाक्य पाठ असतं : "कल्चर यायचंय अजून." १३ सप्टेंबरला जागतिक सेप्सिस दिन असतो. त्यानिमित्त होणाऱ्या व्याख्यानांत आणि जाहिरातींत या वाक्यावर हमखास एकच उतारा सांगितला जातो, तो म्हणजे नवं मशीन. तासाभरात जंतूचं नाव, वर तो कोणत्या औषधाला जुमानणार नाही याचाही अंदाज. मशीन खोटं बोलत नाही. फक्त घड्याळ कुठून सुरू केलं, हे कोणी सांगत नाही.

ते सुरू होतं बाटली 'पॉझिटिव्ह' झाल्यावर.

मोठ्या माणसाच्या रक्तात जंतुसंसर्ग झाला तरी मिलिलिटरभर रक्तात कधी एखादाच जंतू सापडतो, कधी तोही नाही. म्हणून रक्त पोषक द्रवाच्या बाटलीत घालून उबेत ठेवतात आणि जंतू वाढायची वाट पाहतात; हेच ते कल्चर. समजा, बाटलीत दहा जंतू गेले. ते पंचवीस वेळा दुप्पट झाले की भरतात तेहतीस कोटींच्या वर; अगदी देवांइतके. एवढी गर्दी झाली की त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड यंत्राला जाणवतो आणि ते बोंबलू लागतं. ई. कोलायसारखा चपळ जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतो, तरी या गणितात आठ-नऊ तास गेलेच. प्रत्यक्षात बरेचदा बारा ते चोवीस तास लागतात, संथ जंतू असेल तर दोन-तीन दिवसही. जाहिरातीतला 'एक तास' हा यानंतरचा तास.

तरीही त्या तासाची किंमत मी कमी करत नाही. जुन्या रीतीने बाटली पॉझिटिव्ह झाल्यावर त्यातला थेंब प्लेटवर पसरायचा, रात्रभर वाढवायचा, दुसऱ्या दिवशी नाव आणि तिसऱ्या दिवशी सेन्सिटिव्हिटी, म्हणजे कोणतं औषध लागू पडेल ते. नव्या तपासण्या जंतूची जनुकं थेट शोधतात. त्यात आपल्या राजधानीचं नाव मिरवणारं एनडीएम जनुकही आलं. ते दिसलं की मेरोपेनेम या जड प्रतिजैविकावर विसंबायचं नाही, हे डॉक्टरला त्याच दिवशी कळतं. उलट बाजू अशी की जनुक दिसलं नाही म्हणून औषध लागू पडेलच, असं मात्र नाही. प्रतिकाराच्या वाटा अनेक आणि यंत्र त्यातल्या मोजक्याच ओळखतं.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, तो प्रयोग. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये ऋतू बॅनर्जी, रॉबिन पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेला, २०१५ साली प्रसिद्ध झालेला. ६१७ रुग्ण, चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गटांत विभागलेले. पहिल्या गटाला नेहमीची तपासणी. दुसऱ्याला जनुकं शोधणारी नवी तपासणी. तिसऱ्याला नवी तपासणी, शिवाय रिपोर्ट येताच उपचार करणाऱ्या डॉक्टरला सल्ला देणारी प्रतिजैविकांच्या जाणकारांची टीम. जंतूचं नाव कळायला पूर्वी बावीस तास लागत होते, ते सव्वा तासावर आलं. टाळ्या! पण अनावश्यक जड औषध बंद करून हलक्या औषधावर यायला किती वेळ लागला? नेहमीच्या गटात ३४ तास. नुसतं मशीन मिळालेल्या गटात ३८. मशीन आणि टीम दोन्ही असलेल्या गटात २१. मृत्यूंच्या प्रमाणात आणि रुग्णालयातल्या मुक्कामात तिन्ही गटांत म्हणण्याजोगा फरक पडला नाही.

हे ३४ आणि ३८ मी पुन्हा पुन्हा वाचले. रिपोर्ट एकवीस तास आधी आला आणि कागदावरचं औषध जिथल्या तिथे राहिलं.

आपल्याकडे तर त्याआधीच वेळ गळतो. माझ्या मामींच्या वेळची गोष्ट. बाटली शनिवारी रात्री पॉझिटिव्ह झाली होती, लॅबच्या नोंदीत तशी वेळही होती. रिपोर्ट वॉर्डात आला सोमवारी दुपारी. मधे रविवार होता आणि रात्रपाळीला मायक्रोबायॉलॉजीचं कोणी नव्हतं. हॉस्पिटलचं नाव सांगून उपयोग नाही, कारण अशा रविवारच्या गोष्टी बऱ्याच घरांत निघतील. मामी वाचल्या, म्हणून हे हसत सांगता येतं. त्या लॅबमध्ये कोट्यवधींचं यंत्र आणून ठेवलं असतं तरी ते रविवारी कुलपातच राहिलं असतं.

म्हणूनच मला स्वीडनमधल्या वेक्श्यो या गावाचं कौतुक वाटतं. युरोपात सेन्सिटिव्हिटीची मानकं ठरवणाऱ्या 'युकास्ट' या समितीची प्रयोगशाळा तिथे आहे. तिने २०१८च्या अखेरीस एक पद्धत पुढे आणली. त्यात नवं यंत्र नाही. पॉझिटिव्ह बाटलीतला द्रव थेट प्लेटवर पसरायचा, त्यावर औषधाच्या त्याच कागदी चकत्या ठेवायच्या, ज्या १९६६ पासून जगभर ठरीव रीतीने वापरल्या जातात, आणि चार, सहा, आठ तासांनी भोवतीचं स्वच्छ वर्तुळ मोजायचं. वर्तुळ किती मोठं असलं म्हणजे औषध चालेल, याचे त्या-त्या तासाचे आकडे त्यांनी शेकडो नमुन्यांवर घासून काढले. खरं काम हेच आहे. जंतू कोणता, हे मात्र आधी कळावं लागतं. सगळ्या जंतूंना ही रीत लागू नाही. काही वर्तुळं सीमारेषेवर अडकतात आणि 'आणखी दोन तास थांबा' म्हणावं लागतं. पण चकती काही रुपयांची आहे. जिल्हा रुग्णालयाच्या लॅबमध्ये ती आजही मिळेल. आठव्या तासाला पट्टी घेऊन उभा राहणारा माणूस मिळेल का, हा प्रश्न वेगळा, आणि त्याची निविदा काढता येत नाही.

बाटलीतली वाट पाहणंच टाळता येईल का? सोलच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या चमूने जुलै २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये तसा दावा केला. प्रथिनाच्या तुकड्याचा लेप दिलेले चुंबकीय सूक्ष्मकण रक्तातून जंतू थेट ओढून काढतात आणि सेन्सिटिव्हिटीपर्यंतचा सगळा प्रवास सुमारे १३ तासांत होऊ शकतो. कल्पना देखणी आहे. मात्र तपासलेल्या १९० रुग्णांपैकी जंतू सापडले आठांत, आणि ते तेरा तासही हिशेबाने काढलेले. आणखी काही वर्षं थांबू या.

तोवर फुकटात होणारी एक गोष्ट. ताप आला की गल्लीतल्या दवाखान्यात सलाईनमधून प्रतिजैविक जातं, मग मोठ्या हॉस्पिटलात कल्चर, आणि अर्धमेले जंतू बाटलीत उगवतच नाहीत. रक्त आधी, औषध मागोमाग, हा क्रम पाळायला दहा मिनिटं पुरतात. रक्तही पुरेसं हवं : मोठ्या माणसाच्या एका बाटलीत आठ-दहा मिलिलिटर, अशा दोन बाटल्यांचा एक संच, आणि असे किमान दोन संच, वेगवेगळ्या जागी सुई टोचून. आपल्याकडे खर्चापायी पुष्कळदा एकाच बाटलीवर भागवतात. सिस्टर दुसरी सिरिंज काढतात तेव्हा घरचं कोणी ना कोणी कळवळतं, "अहो, आधीच अंगात रक्त नाही, किती काढताय?" चाळीस मिलिलिटर. चहाचे आठ चमचे.